कंपनीत नवीन लागलाय? पहिला महिना डोळे उघडे ठेवून काढा

आयटीआय झालं, चाकणला नाहीतर रांजणगावला, अंबडला, बुटीबोरीला कुठंतरी जॉइनिंग लेटर मिळालं, रूम बघितली, डबा लावला आणि आता सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट, अशा पोरापोरींसाठी हे लिहितोय. मी स्वतः टर्नर ट्रेडचा. अप्रेंटिस म्हणून घुसलो, मग मशीन शॉप, मग प्रेस शॉप, आता एक लाईन बघतो. चार कंपन्या झाल्या. चारही ठिकाणी गेटवर एकच पाटी होती, 'सेफ्टी फर्स्ट', आणि आत चार वेगळी जगं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. नवीन माणसाला पहिले तीन-चार आठवडे जे दिसतं ते नंतर दिसत नाही. फ्लोअरवर सांडलेलं तेल, उघडा गार्ड, सारखा वाजणारा अलार्म, सुरुवातीला हे सगळं खटकतं आणि मग डोळ्याला सवय होते. आता सवय कशाची होणार ते मात्र तुम्ही कुठं लागलाय त्यावर आहे. जिथं लोक वाकून तेल पुसतात तिथं महिन्याभरात तुम्हीही पुसायला लागता, जिथं ओलांडून जातात तिथं तुम्हीही ओलांडता, आणि यातलं काहीच कुणी शिकवलेलं नसतं. सेफ्टी कल्चर म्हणतात ते हेच, बाकी पोस्टर वगैरे ऑडिटसाठी.

पहिला दिवस: सह्या, शूज आणि लाल बटण

सकाळी एचआरमध्ये सह्यांचा गठ्ठा येईल. घाई करतील, करू देत. ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा, नंबर त्याच दिवशी विचारा. महिन्याचा पगार २१ हजारापर्यंत असेल तर तुम्ही त्यात येता, पगारातून पाऊण टक्का तुमचा जातो आणि सव्वातीन टक्के कंपनीचे, आणि कामावर इजा झाली तर पहिल्या दिवसापासून कव्हर असतं. 'दोन महिने बघू, टिकलास तर नंबर काढू' असं ठेकेदार म्हणाला तर समजा की इथं पहिल्याच पायरीवर घोळ आहे. अप्रेंटिस असाल तर ईएसआय नसतं, तुमचं काम अप्रेंटिस कायद्याखाली चालतं, तेव्हा लागलं-सवरलं तर कोण बघणार ते एचआरला सरळ विचारून घ्या. सेफ्टी शूज स्वतःच्या मापाचे घ्या. 'सध्या नऊ नंबरच आहे' म्हणून सातवाल्याला नऊ देतात, मग तो अख्खी शिफ्ट पाय घासत चालतो आणि जिन्यावर पडतो.

इंडक्शन होईल. काही ठिकाणी दोन तास नीट घेतात, शॉपमध्ये फिरवतात, असेंब्ली पॉइंटला उभं करून दाखवतात. काही ठिकाणी एसी रूममध्ये स्लाईड, चहा-बिस्कीट, आणि शेवटी टेस्टची उत्तरं फळ्यावर लिहिलेली. दोन्हीत बसून बघितलंय. दुसऱ्या प्रकारात सापडलात तर निदान फर्स्ट एड कुणाला येतं आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठं आहे एवढं विचारून घ्या.

आणि मशीनवर पोचलात की इमर्जन्सी स्टॉप. ते लाल मशरूमसारखं बटण. कुठं आहे विचारून थांबू नका, मशीन रिकामं असताना सुपरवायझरला म्हणा, 'साहेब, एकदा दाबून बघू का?' त्याचं उत्तर नीट ऐका. माझ्या तिसऱ्या कंपनीत इन्चार्ज म्हणाला, 'बघ ना, मग रिसेट कसं करायचं तेही दाखवतो,' आणि खरंच दाखवलं. त्याच्या आधीच्या कंपनीत उत्तर आलं होतं, 'हात लावू नको, लाईन बंद पडली तर वरून फोन येतो.' बटण दोन्हीकडे सारखंच, कदाचित एकाच मेकचं. पण दुसऱ्या ठिकाणी ते दाबायची भीती होती, आणि जे दाबायची भीती वाटते ते बटण नसल्यातच जमा.

पहिला आठवडा: शिफ्ट सुटायच्या आधीचा अर्धा तास बघा

सकाळी सगळ्याच कंपन्या चांगल्या असतात. टूलबॉक्स टॉक, म्हणजे शिफ्ट सुरू व्हायच्या आधी उभ्या उभ्या सेफ्टीचं बोलणं, होतो, शपथ होते, कुणीतरी टाळ्या वाजवतं. खरी कंपनी दिसते शिफ्ट सुटायला अर्धा तास राहिला आणि टार्गेटला चाळीस पीस कमी आहेत तेव्हा.

प्रेस शॉपमधलं एक सांगतो. पॉवर प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात, लांब लांब बसवलेली, म्हणजे स्ट्रोक मारताना दोन्ही हात बटणावर राहतात, डायमध्ये, म्हणजे पीस दाबणाऱ्या साच्यात, जाऊ शकत नाहीत. साधी आणि हुशार आयडिया. नव्या प्रेसला दोन्ही बटणं जवळपास एकाच क्षणी दाबावी लागतात, एक अडकवून ठेवलं तर चालतच नाही, जुन्या प्रेसला ही सोय नसते. तर आमच्याकडे जुनी प्रेस होती आणि तिच्यावर एक मामा, हात इतका बसलेला की बघत राहावं. मामा दुपारनंतर डाव्या बटणाच्या रिंगमध्ये पुठ्ठ्याची घडी घालायचे. बटण दाबलेलंच राहायचं. मग उजव्या हाताने बटण आणि डाव्याने पीस काढायचा-घालायचा, पीसमागे एखाद-दोन सेकंद वाचायचे. सुपरवायझर येता-जाता बघायचा. पुठ्ठा त्याला दिसायचा, मला दिसत होता म्हणजे त्यालाही दिसायचाच. तो घड्याळाकडे बघून म्हणायचा, 'मामा, आज पाचशे होतील ना?'

मामांना काही झालं नाही. त्यांच्याकडे बघून शिकलेल्या पोराची दोन बोटं गेली. पोरगं माझ्यानंतर लागलेलं, त्याला कुणीच 'पुठ्ठा घाल' म्हणालं नव्हतं, त्याने फक्त बघितलं होतं की हुशार माणूस असं करतो आणि साहेब काही बोलत नाहीत. आणि वर कडी म्हणजे गेटजवळच्या 'अपघातमुक्त दिवस' बोर्डावरचा आकडा दुसऱ्या दिवशी एकाने वाढला होता, कारण कागदावर पोराचा हात रूमच्या दारात सापडला होता.

तेव्हा पहिल्या आठवड्यात हे बघा. घाई झाली की कुठला नियम सगळ्यात आधी सुटतो? सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, दाराच्या स्विचमध्ये जादाची किल्ली तारेने बांधून ठेवलीय का, म्हणजे दार उघडं तरी मशीन चालू? कुणाला लागलं तर पहिला प्रश्न 'किती लागलं' असतो का 'मशीन कधी चालू होईल'? आणि बोर्डावरचा आकडा फारच मोठा असेल तर खूश होऊ नका, फर्स्ट एड बॉक्स उघडून बघा. बॉक्समधली पट्टी संपत आलीय आणि रजिस्टर कोरं, तर काय समजायचं ते समजा.

वही ठेवा

खिशात मावणारी छोटी वही. रोज शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये बसून दोन ओळी, 'आज काय विचित्र वाटलं'. उपाय वगैरे लिहायचा नाही, नुसतं वाटलं ते. 'कन्व्हेयरच्या खालून वाकून जातात.' 'पंप तीनचा गेज शून्यावर अडकलेला, कुणी बघत नाही.' 'फोर्कलिफ्टचा हॉर्न बंद.' महिन्याने वही उघडा, निम्म्या गोष्टी तुम्हीही करायला लागलेले असाल. मी लागलो होतो. स्वतःच्याच अक्षरात वाचलं की चपराक बसते.

सवय किती लांबवर नेते त्याचं आपल्या देशातलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला बारकावा फार कुणी सांगत नाही. भोपाळ, १९८४, डिसेंबरच्या दोन आणि तीन तारखेमधली रात्र. रात्री साडेअकराच्या आसपास युनियन कार्बाइडच्या कामगारांचे डोळे चुरचुरायला लागले, म्हणजे गॅस गळतोय. पण तिथं बारीकसारीक गळती नेहमीचीच झाली होती, डोळे चुरचुरणं हीच जणू गळती ओळखायची पद्धत. कळवलं गेलं, आणि ठरलं की चहा झाल्यावर बघू. चहा झाला आणि थोड्याच वेळात टाकीचं प्रेशर असं चढलं की हाताबाहेर गेलं. टाकी थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, गॅस जाळून टाकायचा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी सुटा केलेला, गेज इतक्यांदा चुकीचं दाखवायचे की खरं दाखवलं तरी विश्वास बसेना. त्या रात्री चहा पिणारी माणसं काही निष्काळजी म्हणून जन्माला आली नव्हती. इतकी बंद यंत्रणा आणि इतक्या छोट्या गळत्या रोज पचवायला लावणारी जागा होती ती. मी कुठल्याही शॉपमध्ये 'अरे ते नेहमीचंच आहे' ऐकलं की मला तो चहा आठवतो.

भान ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं

आता कंपन्यांमध्ये माइंडफुलनेसचं फॅड आलंय. आमच्याकडेही एक मॅडम आल्या होत्या, छान होत्या, पंधरा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला लावलं. मजा म्हणजे अर्धे लोक सलग दुसरी शिफ्ट करत होते, डोळे मिटल्याबरोबर तीन जण घोरायला लागले. श्वासाला माझा विरोध नाही, पण सोळा तास उभ्या माणसाला भान शिकवायच्या आधी झोपू द्या.

आपल्या कामात भान म्हणजे बटण दाबायच्या आधीचे दोन सेकंद. यासाठी सगळ्यात भारी पद्धत जपानी रेल्वेची, शिसा कान्को म्हणतात. ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवतो आणि मोठ्याने म्हणतो, 'सिग्नल हिरवा.' बोट, डोळा, तोंड, कान सगळं एकाच गोष्टीवर येतं. तिकडच्या रेल्वे संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात एका साध्या चाचणीत मोजलं तर चुका जवळपास ८५ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडेही इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल मोठ्याने सांगतात, हात दाखवून. कधी इंजिनाजवळ उभं राहायची संधी मिळाली तर ऐका.

तर मशीनवर करायचं असं. बटणाला हात लावायच्या आधी बोट दाखवा आणि पुटपुटा तरी: 'जॉब क्लॅम्प. चावी काढली. दार बंद. हात बाहेर.' चकची, म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या पकडीची, चावी तशीच राहून मशीन चालू होणं हा टर्नर लोकांचा सगळ्यात जुना अपघात, चावी गोळीसारखी सुटते.

लोक हसतील. हे आधीच सांगतो. 'काय मंत्र म्हणतोय काय रे' हे मी वर्षभर ऐकलं. जपानमध्ये कुणी हसत नाही कारण अख्खी शिफ्ट करते. एकट्याने भान ठेवणं फार दमवतं, सगळे ठेवत असतील तर ते आपोआप राहतं, म्हणून एक जोडीदार शोधा. मला सहा महिन्यांनी एक मिळाला, मग दोघं मोठ्याने म्हणायला लागलो, मग तिसरा. आज माझ्या लाईनला नवीन पोराला वाटतं की हे कंपनीच्या एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमांत, आहे. नाहीये.

नाईट शिफ्टला तीन ते पाच ही वेळ वाईट. त्या वेळेत नवीन सेटिंग, टूल चेंज, उंचीवरचं काम शक्य असेल तर घेऊच नका, आणि चहा तीनच्या आधी नाही, तीनच्या सुमारास प्या. घरून फोन आलेला असेल, भांडण झालं असेल, आई आजारी असेल, तर शेजारच्याला सांगा, 'आज माझ्यावर लक्ष ठेव.' लाज नको. आमचे एक लाईन लीडर होते, दादा म्हणायचो त्यांना, ते सकाळी हजेरी घेताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे आणि एकच विचारायचे, 'झोप झाली का?' नाही म्हणालं की न बोलता त्याला प्रेसवरून पॅकिंगला टाकायचे, ना लेक्चर ना मेमो. मग पोरं खरं सांगायला लागली.

विचारायचं कसं, सांगायचं कसं

नवीन माणसाला एक सवलत असते, मूर्ख प्रश्न विचारायची. ती महिनाभरच चालते, वापरून घ्या. 'हे चुकीचं आहे' म्हणालात तर वीस वर्षं मशीनवर असलेल्या काकांना राग येणारच. त्याऐवजी, 'काका, हा गार्ड काढून ठेवतात का नेहमी? मला नवीन म्हणून विचारतोय.' निम्म्या वेळा काका स्वतःच म्हणतात, 'नाय रे, लावायला पाहिजे, बोल्ट हरवलाय.' मग स्टोअरमधून बोल्ट आणून द्या. झालं काम. सुपरवायझरला सांगायचं असेल तर चार लोकांत नको, बाजूला घेऊन सांगा, आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाका, 'सर, सकाळी बोललो तसं, लाईन दोनचा सेन्सर बंद आहे.' भांडण नाही, पण नोंद झाली.

सगळ्यात अवघड असतं स्वतःची चूक सांगणं. अमेरिकन नौदलाच्या कार्ल विन्सन या विमानवाहू जहाजावरची गोष्ट आहे. एका खलाशाला कळलं की आपलं एक हत्यार डेकवर कुठंतरी हरवलंय. इंजिनात एक पाना गेला तर विमान संपलं. त्याने सांगितलं, मी हरवलंय. हवेत असलेली सगळी विमानं जमिनीवरच्या तळांकडे वळवली, डेक शोधला, हत्यार सापडलं. आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराचा सगळ्यांसमोर सत्कार केला. आपल्याकडे काय झालं असतं सांगा बरं? मेमो. निदान तीन दिवसांचा पगार कापला असता. मग पुढचा पाना हरवला की कोण सांगेल? निअर मिसचे, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचे, फॉर्म भरून घ्यायला कंपन्या बक्षिसं ठेवतात, पण लोक बघतात ते गेल्या वेळी फॉर्म भरणाऱ्याचं काय झालं. तुम्हीही तेच बघा, मग भरा. बहुतेक ठिकाणी भरण्यासारखी परिस्थिती असते, भीती आपल्याच मनात जास्त.

काही गोष्टी ज्यात विचारायचंच नाही

फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, नवीन पोरांना वाटतं मोजे म्हणजे सेफ्टी, पण ड्रिलमध्ये मोजा अडकला तर अख्खा हात ओढून नेतो. चिप हुकने काढा, बोटाने नाही. एअर गनने अंगावरची धूळ उडवू नका, सगळे उडवतात तरी.

मेंटेनन्सला मशीनमध्ये हात घालायचा तर मेन स्विचला स्वतःचं कुलूप आणि चावी स्वतःच्या खिशात. 'मी उभा आहे ना इथं' हे कुलूप नाही, उभा माणूस फोन आला की जातो.

आणि टाकी, चेंबर, सेप्टिक टँक, ईटीपीचा, म्हणजे कंपनीचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटचा, खड्डा. आत कुणी बेशुद्ध पडलेला दिसला तरी उतरायचं नाही. ओरडा, माणसं बोलवा, श्वासाचा सेट आणि दोर असलेला माणूस उतरेल. आपण पेपरात 'तीन कामगारांचा मृत्यू' वाचतो ना, त्यात पुष्कळदा दुसरा आणि तिसरा पहिल्याला काढायला गेलेला असतो.

ठेकेदाराचा माणूस

कंपनीची जात ओळखायची असेल तर बघा की ठेकेदाराकडच्या माणसाला हेल्मेट कुठलं मिळतं, तो कॅन्टीनला कुठं बसतो, आणि टूलबॉक्स टॉकला तो उभा असतो का झाडू मारत असतो. बिहार-ओडिशाहून आलेल्या पोराला मराठी पाटी कळत नाही आणि सुपरवायझर घाईत मराठीतच ओरडतो. सगळ्यात जोखमीचं काम बऱ्याचदा त्याच्याच वाट्याला, आणि तोंड उघडलं तर उद्यापासून गेट बंद. तुम्ही पर्मनंट असाल किंवा ट्रेनी, त्याने काही सांगितलं तर ते तुमच्या नावावर वर पोचवा. एवढं करता येतं.

आणि कंपनीच वाईट निघाली तर?

एखादी गोष्ट खटकणं वेगळं आणि जीवावर बेतेल असं काम सांगणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला नाही म्हणता येतं. भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये धोकादायक प्रक्रियांवर अख्खं प्रकरण घातलं, त्यात समोर धोका दिसला तर कामगाराने तो वर सांगायचा हक्क आला, आणि २०२० च्या नव्या कामगार कोडमध्येही तो आहे. आधी सुपरवायझर, मग सेफ्टी ऑफिसर, सेफ्टी कमिटीत कामगारांचा माणूस असतो तो. तिथं काही हललं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, पोरं डिश म्हणतात. तक्रार कुणी केली हे इन्स्पेक्टरने मालकाला सांगायचं नसतं. पण खरं सांगू, छोट्या शॉपमध्ये कोण ते सगळ्यांना कळतं, तेव्हा दुसरी नोकरी बघत बघत तक्रार करा. मी पुठ्ठ्यावाल्या कंपनीत आणखी आठ महिने राहिलो, कारण रूमचं भाडं होतं. राहायला नको होतं असं आता वाटतं, तेव्हा नाही वाटलं.

शेवटचं. खंडेनवमीला लवकर जा. त्या दिवशी अख्खं शॉप घासूनपुसून लख्ख करतात, वर्षभराचं तेल निघतं आणि खालचे पिवळे पट्टे दिसतात, गार्डचे किती बोल्ट गायब आहेत तेही दिसतं, वहीसाठी याहून चांगला दिवस नाही. हळद-कुंकू, नारळ, पेढे सगळं होऊ दे. फक्त पूजेनंतर मशीन चालू करायच्या आधी चकवरचा हार काढलाय का ते बोट दाखवून, मोठ्याने म्हणून बघा. आमच्याकडे एका वर्षी राहिला होता, झेंडूच्या पाकळ्या पार बारा फुटांवरच्या क्वालिटीवाल्या मॅडमच्या डब्यात.